आधी आयएनआर, मग मोजणी

२०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यात तरुण माणसं बसल्या जागी दगावल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या आणि अख्ख्या कर्नाटकाने धसका घेतला. म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात तपासून घेण्यासाठी झुंबड उडाली, सरकारने समिती नेमली. इकडे बेळगावातही रोज व्यायामशाळेत जाणारी पस्तिशीतली पोरं ‘एकदा ईसीजी काढूनच टाकतो’ म्हणू लागली. काढा, बिघडत काही नाही. पण ज्यांच्या ईसीजीत खरोखर काही सापडलं असतं, ती माणसं त्या रांगेत नव्हती. नंदगडातली पंचाहत्तरीची आजी, जिला परसात जाऊन येईतो धाप लागते, ती ‘वय झालं’ म्हणून घरीच होती. निपाणीत विड्या वळणारी चाळिशीतली बाई, लहानपणी जिचे सांधे आळीपाळीने सुजायचे आणि आता जिच्या छातीत मधूनच फडफडतं, तीही दिवसाचा रोज बुडवून कुठे जाणार?

या दोघींना ज्याचा धोका आहे त्याचं नाव ॲट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी ‘एएफ’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांना वरून येणारा इशारा केव्हाही, कसाही मिळतो. मग मनगटावरची नाडी नवख्या पोराच्या हाती दिलेल्या ताशासारखी वाजते: दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक जोरात, एक हलका, आणि त्यात ठेका म्हणून सापडत नाही. पुष्कळांना याचा काहीच त्रास जाणवत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटली की मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट असतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासाने १९९१ सालीच दाखवून दिलंय. शिवाय या गुठळीने होणारा पक्षाघात सहसा मोठा असतो. गावात मग ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, कुणीतरी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारा सुचवतो, गाडीची जुळवाजुळव होते, आणि गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनसाठी असलेले साडेचार तास तिथेच संपतात.

मग आपल्या भागात एएफ किती जणांना असेल? प्रश्न सरळ वाटतो. उत्तर मात्र कोणाला तपासलं, कशाने तपासलं आणि कितीदा तपासलं यावर ठरतं. हिमालयातल्या एका आदिवासी गावात ९८४ लोकांचे ईसीजी काढले गेले, १९९५ साली निष्कर्ष छापून आला: हजारी एक. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत चाळिशीपुढच्या दोन हजारांवर लोकांची तपासणी मोबाइलला जोडायच्या छोट्या यंत्राने झाली. तिथे एकदा बघून सोडून दिलं नाही, पुन्हा पुन्हा बघितलं. आकडा निघाला शेकडा १.६. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदी चाळून २००१ साली जो हिशेब आला, त्यात सगळ्या प्रौढांत मिळून शेकडा एक, पण पंचावन्नच्या आत हजारी एक आणि ऐंशीपुढे शेकडा नऊ. आणि डेन्मार्कमध्ये तर सत्तर ते नव्वद वयाच्या, बीपी-शुगरसारखी जोखीम असलेल्या लोकांच्या छातीवर कातडीखाली नोंदयंत्रच बसवलं. वर्षानुवर्षं चोवीस तास पाळत ठेवल्यावर शंभरातल्या बत्तीस जणांत एएफ सापडला. हजारी एकपासून तिघांत एकापर्यंत! आजार एकच, खोदकाम वेगवेगळ्या खोलीचं.

डेन्मार्कच्या त्या प्रयोगाचा पुढचा भाग आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी नीट वाचावा. लूप नावाचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. यंत्र बसवलेल्या गटात नुसत्या नेहमीच्या तपासणीच्या गटापेक्षा जवळजवळ तिप्पट एएफ सापडला, त्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही जास्त दिल्या गेल्या, पण पक्षाघात काही ठामपणे म्हणावे इतके कमी झाले नाहीत. क्षणभर येऊन जाणारा, यंत्रालाच दिसणारा एएफ आणि नाडीवर बोट ठेवल्याबरोबर कळणारा एएफ यांचा धोका सारखा नसतो, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. म्हणून ‘जिल्ह्यातल्या प्रत्येक ज्येष्ठाला स्मार्टवॉच द्या’ छापाच्या घोषणा कुणी केल्या तर मला धडकीच भरेल. टिळकवाडीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मनगटावर तशी घड्याळं आहेतच, आणि त्यांचा मुलगा बंगळूरहून फोनवर आलेख बघतो. त्यांची काळजी घेणारं कुणीतरी आहे.

तरीही अंदाज बांधायला हरकत नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१. चाळिशीपुढचे त्यातले पाव हिस्सा धरले तरी बाराएक लाख होतात. आणंदचा दर इथे जसाच्या तसा लावला, तर वीस हजारांच्या घरात माणसं. हा हिशेब काही जनगणना नव्हे. अथणीच्या उसाच्या पट्ट्यातलं आणि खानापूरच्या जंगलातलं वयमान, खाणंपिणं, दवाखान्याचं अंतर सगळंच वेगळं. पण वीस हजारांऐवजी दहा हजार असले तरी त्यांतल्या किती जणांना आपल्याला हे आहे हे ठाऊक असेल, आणि ठाऊक असलेल्यांतले किती जण योग्य गोळी योग्य मात्रेत घेत असतील, हे प्रश्न आहेतच.

बाहेरचे आकडे उचलताना दुसरी एक फसगत होते, आणि मला तीच जास्त डाचते. युरोप-अमेरिकेत एएफ हा म्हातारपणाचा आजार मानतात, म्हणून त्यांच्या सूचना ‘पासष्टीपुढच्यांची नाडी बघा’ अशा असतात. आपल्याकडे म्हातारपण, बीपी, शुगर यांतून येणारा एएफ आहेच आणि वाढतोही आहे. पण शेजारी दुसरा एक एएफ नांदतो. लहानपणी घसा धरला, त्यातल्या जंतूंवर शरीराने जो हल्ला चढवला तो आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटला, ताप आणि फिरती सांधेदुखी आली आणि गेली, सगळे विसरले. वीस वर्षांनी मिट्रल झडप आकसलेली असते, वरचा डावा कप्पा फुगलेला असतो आणि तो थरथरू लागतो. हा संधिवाती हृदयरोग. भारतातल्या चोवीस केंद्रांनी २०११-१२ मध्ये एएफच्या पंधराशेवर रुग्णांची नोंद केली, तेव्हा सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं आणि जवळजवळ निम्म्यांना झडपेचा हाच आजार होता. सेहेचाळीस देशांच्या दुसऱ्या एका नोंदवहीत एएफ घेऊन आकस्मिक विभागात आलेल्या भारतीय रुग्णांत संधिवाती हृदयरोग शेकडा ३१, उत्तर अमेरिकेत शेकडा दोन.

हे आकडे दवाखान्यात पोचलेल्यांचे आहेत, गावातले नव्हेत, हे खरं. झडपेचा रुग्ण धाप लागून दवाखान्यात येतोच, आणि आजीचा गुपचूप एएफ घरीच राहतो, त्यामुळे दवाखान्यातलं प्रमाण फुगलेलं असणार. तेवढी सूट देऊनही निपाणीच्या चाळिशीतल्या बाईला पासष्टीची अट लावणं म्हणजे तिला यादीतून मुद्दाम वगळणं आहे. या आजारात बाया जास्त. पहिल्यांदा उमगतो तो बऱ्याचदा बाळंतपणात, रक्ताचा आणि हृदयाचा भार वाढल्यावर. गरोदरपणीच्या तपासणीत बीपी बघतातच. त्याच बैठकीत नाडी पुरतं मिनिटभर बघितली आणि ‘लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का’ एवढं विचारलं, तर वेगळ्या मोहिमेची गरजच काय?

आता सीमाभागाचं दुखणं. आपल्याकडचा रुग्ण एका जिल्ह्याचा, एका राज्याचा नसतो. निपाणी-चिकोडीचा माणूस कोल्हापूर गाठतो, अथणी-कागवाडचा मिरज-सांगली, खानापूरचा बेळगाव नाहीतर गोवा. पक्षाघात झालेली अथणीची बाई मिरजेत दाखल झाली तर ती महाराष्ट्राच्या एखाद्या दवाखान्याच्या वहीत जाते. चार दिवसांनी घरी येऊन वारली तर कर्नाटकाच्या नोंदीत ‘वार्धक्य’ म्हणून. एका वहीत आजार, दुसऱ्या वहीत मृत्यू, आणि दोन्ही वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना दावा सांगितलेल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकाने तीव्र आक्षेप घेतला, सभागृहांतून भाषणं झाली, आम्हीही इकडे चौकाचौकात वाद घातले. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आधीपासून होतीच. एवढ्या गदारोळात एक गोष्ट कुणी बोललं नाही: या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांच्या आहेत. बलून करायचंय, झडप बदलायचीय, त्यासाठी पॅकेज आहे. त्यानंतर जन्मभर दर महिन्याला करावी लागणारी रक्ततपासणी पॅकेजात बसत नाही. लाखाच्या शस्त्रक्रियेवर दोन सरकारं हक्क सांगायला उभी, दोन-चारशे रुपयांच्या तपासणीवर एकही नाही.

ती तपासणी म्हणजे आयएनआर. ती कशाला लागते आणि कशी होते हे जवळून बघितल्याशिवाय माझा मुद्दा कळायचा नाही. म्हातारपणच्या एएफसाठी आता एपिक्सॅबॅन, रिव्हरोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान अशा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आहेत. त्यांना दरमहा रक्त तपासावं लागत नाही, पेटंट संपल्यावर किमतीही बऱ्याच उतरल्या आहेत. पण झडप आकसलेल्यांना त्या चालत नाहीत. २०२२ साली इन्व्हिक्टस या चोवीस देशांतल्या साडेचार हजार रुग्णांच्या चाचणीने हे पक्कं केलं. त्यात सरासरी वय पन्नास, शंभरात बहात्तर बाया, म्हणजे आपल्याच निपाणीच्या बाईसारख्या. नव्या गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिन जातीच्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. तेव्हा या बाईला जुनीच गोळी, आपल्याकडे बहुतेक वेळा ॲसिट्रोम. या गोळीचं वैशिष्ट्य असं की मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा, आणि मेथी-पालकाची भाजी, तापावरची गोळी, वैद्याचा काढा, काहीही त्याला हलवतं.

कणकुंबीकडच्या एखाद्या बाईचा आयएनआरचा दिवस असा जातो. सकाळची बस पकडून, जांबोटीवरून बेळगाव. लॅबमध्ये आकाशी टोपणाच्या नळीत रक्त, बरोबर खुणेपर्यंत. नळी पुरती भरली नाही तर आतल्या औषधाचं प्रमाण बिघडतं आणि आकडा खोटा येतो. रिपोर्ट संध्याकाळी. शेवटच्या बसची वेळ रिपोर्टच्या वेळेशी जुळत नाही. मग पोरगा दुसऱ्या दिवशी फोन करून आकडा विचारतो, तो डॉक्टरांना कळवतो आणि मात्रा बदलून मिळते: सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार दीड. हे सगळं लक्षात कोण ठेवणार? हातात पडलेलं सूचनापत्र कन्नड नाहीतर इंग्रजीत. बाईला वाचता येतं ते मराठी, तेही अडखळत. दीडच्या जागी दोन गोळ्या गेल्या तर हिरड्यांतून रक्त, कधी मेंदूतून. भाषेचा लढा आपण पाट्यांवर आणि परिपत्रकांवर लढलो, ते चुकलं असं कोण म्हणेल. पण ॲसिट्रोमची वही मराठीत मिळावी अशी मागणी कुठल्या निवेदनात वाचल्याचं मला आठवत नाही. कन्नड शिकलेल्या पोराला आईची वही मराठीत हवी वाटणं यात राज्याच्या अखंडतेला बाधा येण्यासारखं काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी मोजणी करा, मग उपचारांचं बघू, हा क्रम मला मान्य नाही. खानापूर, निपाणी, अथणी, रामदुर्ग अशा प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आयएनआर फुकट आणि त्याच दिवशी मिळण्याची सोय आधी झाली पाहिजे. शुगरच्या यंत्रासारखं बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं यंत्र असतं. पट्टी महाग पडते, पण मोठ्या लॅबची गरज उरत नाही आणि बाई उत्तर घेऊनच बसमध्ये बसते. भीमगडच्या जंगलातल्या ज्या गावांतून पावसाळ्यात आजाऱ्याला डोली करून खांद्यावरून रस्त्याला आणतात, तिथे तर हे यंत्र आरोग्यसेविकेच्या पिशवीतच हवं. यातलं काहीही नसताना हजारो लोकांना ‘तुम्हाला एएफ आहे’ असं सांगून मोकळं व्हायचं, म्हणजे त्यांच्या डोक्याला नुसता घोर लावायचा, आणि अर्ध्यांना तपासणीविना रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर सोडून द्यायचं.

ही सोय झाली की मग शोध, आणि तोही बोटांनी. इंग्लंडमध्ये पन्नास दवाखान्यांत पासष्टीपुढच्या सुमारे पंधरा हजार लोकांवर केलेला सेफ नावाचा अभ्यास २००७ साली आला. काही ठिकाणी सगळ्यांना पत्रं धाडून ईसीजीला बोलावलं. काही ठिकाणी इतर कशासाठी दवाखान्यात आलेल्याची फक्त नाडी बघितली आणि ती अडखळली तरच ईसीजी काढला. दोन्हीकडे वर्षाला शेकडा १.६ नवे रुग्ण सापडले, काहीच न करणाऱ्या दवाखान्यांत शेकडा एक. म्हणजे पत्रं, यादी, खास शिबिर यांचा खर्च फुकट, बोट पुरलं. खोटी घंटा मात्र वाजते. त्या अभ्यासात नर्सच्या बोटांनी खऱ्या एएफपैकी शंभरातले सत्त्याऐंशी पकडले, पण निरोगी शंभरातल्या एकोणीस जणांची नाडीही अनियमित ठरवली. जिल्ह्यात पासष्टीपुढचे तीन लाख धरा: पन्नास-साठ हजार ईसीजी जादा. ऐकायला भयंकर आहे. दहा तालुका दवाखान्यांत, कामाच्या दोन वर्षांवर वाटलं तर एका दवाखान्याला दिवसाला अकरा-बारा पडतात. हार्ट अटॅकसाठी कर्नाटक सरकारने डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेतून तालुका दवाखान्यांत ईसीजी काढून तो दूरच्या तज्ज्ञाकडून वाचून घेण्याची व्यवस्था उभी केली आहे. तीच तार, तोच कागद, तोच तज्ज्ञ. एएफचा ईसीजी ओळखायला तर हार्ट अटॅकइतकी घाईही नसते.

बीपीच्या डिजिटल यंत्राने हे आपोआप कळेल, असं कुणी म्हणेल. एएफ ओळखणारी बीपीची यंत्रं आहेत, ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये त्यांतल्या एकाची शिफारसही केली. आपल्या आरोग्यकेंद्रांतलं साधं यंत्र मात्र विस्कळीत नाडीपुढे गोंधळतं, एकदा एकशेतीस दाखवतं, लगेच एकशेसाठ. तिथे बसलेली व्यक्ती यंत्र बिघडलं म्हणून पट्टा पुन्हा गुंडाळते. तिला एवढंच शिकवावं लागेल की आकडे असे उड्या मारू लागले की पट्टा सोडा आणि मनगट धरा.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तक्ता आशाताई घरोघरी फिरून भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातल्यांचे आजार सगळं आहे. नाडीच्या लयीला रकाना नाही. तो घालायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही, जिल्ह्याच्या पातळीवर एक जादा ओळ छापता येते, आणि सीमाभागातल्या तक्त्यावर ती कन्नडबरोबर मराठीतही छापता येते. आशांनी २०२५ च्या जानेवारीत बंगळुरात थंडीत बसून मानधनासाठी आंदोलन केलं, ते विसरून त्यांच्या गळ्यात आणखी एक काम अडकवणं सोपं आहे. एका घरात दोन ज्येष्ठ धरले, दोघांची नाडी मिनिट-मिनिट बघितली, वर समजावण्यात पाच मिनिटं गेली, तर दिवसाकाठी चार-दोन घरं कमी होणार. तेवढा मोबदला वेगळा द्यावा लागेल, आणि तालुक्याच्या अंदाजपत्रकात आयएनआरच्या पट्ट्यांच्या खालीच तो लिहावा लागेल.